दुखतं म्हणजे नेमकं कसं?

आमच्या भांडुपच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराआड २०१८ चं कालनिर्णय अजून टांगलेलं आहे. त्याच्यावर नंतरची सगळी कालनिर्णयं लागली आणि निघाली, हे एक आईनं काढू दिलं नाही. त्यातल्या बऱ्याच चौकटींत आईच्या अक्षरात ‘दू. ना.’ लिहिलंय, म्हणजे त्या दिवशी दूध घेतलं नाही. ऑगस्टपासून पुढे त्याच चौकटींत माझं अक्षर सुरू होतं. क, ठ, मु, ज. १३ सप्टेंबरला त्या वर्षी गणपती बसले होते. त्या चौकटीत गणपतीच्या चित्राशेजारी उरलेल्या बोटभर जागेत मी ‘क ठ मु’ लिहिलं आहे. कळ, ठणका, मुरडा. ‘ज’ म्हणजे जळजळ.

त्याआधीची सोळा वर्षं मी प्रत्येक डॉक्टरला एकच वाक्य सांगत आले होते, ‘पोटात दुखतं.’ आणि त्या एका वाक्यावर मला दर वेळी तीच गोळी मिळत होती.

दुखायला लागलं ते तेराव्या वर्षी. तेव्हा आम्ही लालबागला चाळीत राहायचो. पाळी आली की पहिल्या दिवशी मला ओटीपोटात कळा तर यायच्याच, पण सोबत जुलाबही व्हायचे आणि प्रत्येक वेळी शौचाला बसताना कोणीतरी आतून सुरी फिरवतंय असं वाटायचं. संडास गॅलरीच्या टोकाला, मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून. हातात बादली घेऊन, भिंतीला टेकून रांगेत उभं राहायचं. पुढच्या काकूंना ‘मला आधी जाऊ द्या’ म्हणायची लाज वाटायची, कारण लगेच ‘का गं?’ येणार. आईनं तिच्या परीनं सगळं केलं. ओव्याचा शेक, बाळंतशेपा, कोणीतरी सांगितलं म्हणून हिराबोळ. चाळीतले डॉक्टर म्हणाले, ‘या वयात होतं, लग्न झालं की थांबेल.’ आईलाही तिच्या आईनं हेच सांगितलं होतं, त्यामुळे तिनं ते मान्य केलं.

पाळीत थोडं दुखणं बऱ्याच मुलींना असतं, हे मला ठाऊक आहे. पण दर महिन्याला शाळा बुडवायला लावणारं, गोळी घेऊनही आडवं पाडणारं, शौचाला आणि लघवीला जाताना वाढणारं दुखणं हे ‘होतं या वयात’ मध्ये बसत नाही. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर. दहावीच्या भूमितीच्या पेपरला मी दोन मेफ्टाल स्पास घेऊन बसले होते आणि कंपासपेटीचं झाकण दाताखाली धरलं होतं. झाकणावरचे दातांचे व्रण बरीच वर्षं तसेच होते.

पुढे नोकरी लागली, फोर्टला एका चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात. तोवर आम्ही भांडुपला आलो होतो. पाळीच्या दिवसांत सकाळच्या लोकलला चौथी सीट मिळाली तर अर्धं ढुंगण टेकायचं, नाहीतर दाराजवळच्या दांड्याला पोट दाबून उभं राहायचं. गोळी रिकाम्या पोटी, ऑफिसखालच्या टपरीवरच्या चहाबरोबर. त्यानं पुढे पित्ताचा वेगळाच त्रास मागे लागला. (२०२३ च्या शेवटी इंडियन फार्माकोपिया कमिशननं मेफ्टालमधल्या याच मेफेनॅमिक ॲसिडबद्दल इशारा दिला होता. ते घेतल्यावर क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. मी ते चिवड्यासारखं खाल्लं होतं, हे वाचताना पोटात गोळाच आला.) रजेच्या अर्जात कारण ‘ताप’. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस पाळीची रजा आहे. माझ्या अर्जावर तो शब्द लिहिण्याचीही माझी हिंमत नव्हती.

या काळात चार वेळा सोनोग्राफी झाली. दर वेळी तेच. भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी, पाच ग्लास पाणी पिऊन तडस लागेपर्यंत बाहेर बसायचं, मग आतून प्रश्न यायचा, ‘मॅरीड का?’ नाही म्हटलं की प्रोब पोटावरून फिरायचा आणि दहा मिनिटांत रिपोर्ट हातात, सगळं नॉर्मल. मला वाटायचं, यंत्र खोटं बोलणार नाही, म्हणजे मीच जास्त करतेय. ऑफिसातही तेच वाटत असणार. एका खासगी दवाखान्यात तर रिपोर्टवर नजर टाकून डॉक्टर आईला म्हणाल्या, ‘हिचं मन कुठेतरी गुंतवा.’ आई परतीच्या वाटेवर रिक्षात काही बोलली नाही. घरी आल्यावर तिनं तो रिपोर्ट गादीखाली ठेवला, फाइलमध्ये लावला नाही.

आता मला माहीत आहे की माझा आजार एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी वाढ गर्भाशयाबाहेर होणं, आणि त्याचे पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरलेले बारीक डाग सोनोग्राफीत दिसतच नाहीत. बीजकोशातली गाठ किंवा खोल रुतलेला भाग दिसतो, पण त्यासाठी बघणाऱ्याला काय शोधायचं ते माहीत हवं, आणि बरेचदा आतून, योनीमार्गातून, तपासणी करावी लागते. लग्न न झालेल्या मुलीला तो पर्याय कोणी विचारतच नाही. आतून नको असेल तर एमआरआय करता येतो, हेही सांगत नाहीत. नॉर्मल सोनोग्राफीचा अर्थ ‘आजार नाही’ असा होत नाही, एवढं एक वाक्य त्या चार कागदांपैकी एकावर जरी छापलेलं असतं तरी माझी निदान पाच वर्षं वाचली असती.

ऑगस्ट २०१८ मध्ये पैसे संपले म्हणून आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. दहा रुपयांचा केसपेपर, लाकडी बाकावर तीन तास. आत शिकाऊ डॉक्टर होती, माझ्याहूनही लहान असेल, डोळ्यांखाली रात्रपाळीची काळी वर्तुळं. मी नेहमीचं वाक्य म्हटलं. तिनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘दुखतं म्हणजे नेमकं कसं?’

मी गप्प. मग मी इंग्रजीत काहीतरी सांगायला लागले, दवाखान्यात इंग्रजी बोललं की नीट बघतात असा माझा समज होता. ती म्हणाली, ‘ताई, मी नांदेडची आहे. घरी आईला कसं सांगता, तसं सांगा. कळ येते? ठणकतं? मुरडतं? जळजळतं? ओढ लागते?’

आणि मला रडू फुटलं. कारण ही सगळीच दुखणी माझ्याकडे होती आणि ती वेगवेगळी होती. कळ ही लाटेसारखी, येते आणि जाते, पहिल्या दोन दिवसांत. मुरडा शौचाच्या वेळचा. ठणका मांड्यांपर्यंत, पाळी संपली तरी राहायचा, विशेषतः ऑफिसात खुर्चीवर बसल्यावर. जळजळ लघवीची, तिच्यासाठी मी कितीदा अँटिबायोटिक घेतली होती आणि लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, दर वेळी स्वच्छ यायचं. आणि माकडहाडाजवळ मधूनच चमक. मी या सगळ्यांची मोट बांधून तिला ‘पोटात दुखतं’ म्हणत होते.

तिनं सांगितलं, तीन महिने रोज लिहा. फक्त पाळीचे दिवस नव्हे, रोज. वेगळी वही घेतली तर ती हरवणार हे आईला माहीत होतं. ती म्हणाली, कालनिर्णयावर लिही, दुधासारखं. गणपतीच्या दिवशी पाळी आली तेव्हा मी त्या चौकटीत लिहायला कचरले. एरवी त्या दिवशी आमच्या घरी मला मखराजवळही जाता आलं नसतं. आईनंच पेन हातात दिलं. ‘लिही. त्याला काय ठाऊक नाही होय?’

नोव्हेंबरमध्ये आई भिंतीवरचं कालनिर्णय काढून, गुंडाळून, रबर लावून दवाखान्यात घेऊन आली. शिकाऊ डॉक्टरनं ते टेबलावर पसरलं, मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं, आणि दोघी त्या चौकटींवरून बोट फिरवत राहिल्या. ‘क’ फक्त पाळीच्या दिवसांत. ‘मु’ पाळीच्या दोन दिवस आधीपासून. ‘ज’ महिनाभर विखुरलेला. ‘ठ’ ऑगस्टमध्ये महिन्यातून नऊ दिवस, ऑक्टोबरमध्ये सतरा. बाई म्हणाल्या, ‘हे एका अवयवाचं दुखणं नाही.’ मग मला विचारून, समजावून त्यांनी गुदद्वारातून बोटानं तपासलं. गर्भाशयाच्या मागे एका ठिकाणी बोट टेकलं आणि मी ओरडले. तीच जागा. सोळा वर्षांत पहिल्यांदा कोणाचं तरी बोट तिथे पोचलं होतं.

एमआरआयमध्ये डाव्या बीजकोशात चार सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट निघाली. आत जुनं रक्त साठून घट्ट तपकिरी होतं म्हणून ते नाव. आणि गर्भाशयाच्या मागे, आतड्याला लागून एक कडक गाठ. एंडोमेट्रिओसिस.

बाईंनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, जे दर महिन्याला पाळीत पडून जातं, तसलीच पेशींची वाढ गर्भाशयाच्या बाहेर होते. बीजकोशावर, आतड्यावर, मूत्राशयावर, पोटाच्या पडद्यावर. पाळीच्या संप्रेरकांना तीही प्रतिसाद देते, पण तिथलं रक्त जाणार कुठे? सूज येते, व्रण पडतात, अवयव एकमेकांना चिकटतात. माझं गर्भाशय मागे आतड्याला चिकटलं होतं, म्हणून मुरडा. हे का होतं याचं पक्कं उत्तर नाही. पाळीचं थोडं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातं, त्यातून हे रुजतं, असं अमेरिकेतल्या जॉन सॅम्पसन या डॉक्टरांनी १९२७ मध्ये मांडलं होतं. पण रक्त असं उलटं बहुतेक बायकांत जातं आणि आजार मात्र सगळ्यांना होत नाही, म्हणजे प्रतिकारशक्ती, आनुवंशिकता असं आणखी काहीतरी त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं पाळीच्या वयातल्या साधारण दहा टक्के बायका-मुलींना हा आजार आहे, जगभरात १९ कोटी. सकाळच्या आमच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अवघडून बसलेल्या कितीजणी त्यातल्या असतील, हे मी तेव्हापासून दर सकाळी मनात मोजते.

‘लग्न झालं की, मूल झालं की थांबेल’ हेही मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना तेवढ्यापुरतं बरं वाटतं. त्याला उपचार म्हणत नाहीत. मूल हवं म्हणून व्हावं, औषध म्हणून नाही.’ आई शेजारी बसून ऐकत होती.

मार्च २०१९ मध्ये दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, आतड्याचे सर्जनही सोबत उभे होते. शेजारच्या खाटेवर घाटकोपरची एक होती. तिचा आजार चौथ्या टप्प्यातला, माझ्याहून पुढचा, आणि तिला पाळीत कधी फारसं दुखलंच नव्हतं. मूल राहत नाही म्हणून तपासण्या केल्या तेव्हा सापडला. आजार किती पसरलाय आणि दुखतं किती, यांचा एकमेकांशी सरळ हिशेब नसतो. तिचे सासरचे तिला ‘काही दुखत नाही तर ऑपरेशन कशाला’ म्हणत होते आणि माझ्या घरचे काही नातेवाईक ‘काही दिसत नाही तर दुखतं कसं’. आम्ही दोघी रात्री एकमेकींच्या सलाइनच्या बाटल्यांवर लक्ष ठेवायचो.

घरी पडून होते तेव्हा, एप्रिलमध्ये, बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या येऊ लागल्या. अंगावरून जातं, पोटात दुखतं, तोडीचा खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून तिशीच्या आत-बाहेर गर्भपिशवी काढून टाकलेल्या बायका. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. मी ते आईला वाचून दाखवत होते. ती म्हणाली, ‘आपल्या आत्याचीही काढलीय की. बत्तिसाव्या वर्षी.’

हे मला माहीतच नव्हतं. आत्याकडे परत येते.

शस्त्रक्रियेनंतर कळ गेली. पाळी थांबवून ठेवण्यासाठी डायनोजेस्टची रोजची गोळी सुरू झाली. पहिले तीन-चार महिने मधूनमधून रक्त जायचं आणि संध्याकाळी उगाच उदास वाटायचं, डॉक्टरांशी बोलून, वेळ बदलून ते निभावलं. गोळी आजार दाबून ठेवते, मुळातून काढत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मुरडा नव्वद टक्के गेला. पण ‘ठ’ तसाच राहिला. नव्या कालनिर्णयावर नुसती ठ, ठ, ठ. खुर्चीवर अर्धा तास बसलं की मांड्यांच्या मधल्या भागात निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. सगळं काढलं, तरी दुखतंय. त्या दिवसांत मी फार घाबरले होते, पुन्हा ‘मनाचं आहे’ ऐकावं लागेल म्हणून. मी सहा महिने कोणाला सांगितलंच नाही.

शेवटी सांगितलं तेव्हा बाईंनी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मला वाटलं पाठीचे व्यायाम देतील. त्यांनी मला झोपवलं, आणि काही न करता दोन मिनिटं नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, ‘तुम्ही आत्ता पोट आत धरलंय. जबडा आवळलाय. पायाची बोटं वळलीत. कधीपासून?’ मला सांगता येईना. मी तर शांत पडले होते.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, तिच्यावर मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय टेकलेले असतात. वर्षानुवर्षं आत दुखत राहिलं की ही झोळी स्वतःला आखडून घेते, जशी आपण मार चुकवताना मान आखडतो. मार थांबला तरी ती सैल व्हायला विसरते. आखडलेला स्नायू स्वतःच ठणकायला लागतो. वर नसा आणि मेंदू इतक्या वर्षांत दुखण्याला इतके सरावलेले असतात की साध्या दाबालाही दुखणं समजतात. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं माझ्या नसांचं झालं होतं. सहा महिन्यांहून जास्त टिकलेल्या ओटीपोटाच्या दुखण्याला वैद्यकात वेगळा आजार म्हणूनच बघतात, हे मला तिथे कळलं. त्यात एंडोमेट्रिओसिसच्या जोडीला आतड्याचा आयबीएस (पोट वारंवार बिघडण्याचा आजार), मूत्राशयाचा दाह, स्नायूंचा आखडा असं एकात एक गुंतलेलं असू शकतं. माझी जळजळ मूत्राशयाची निघाली, जंतूंची नव्हतीच. ऑफिसातले पाच चहा दोनावर आणले आणि ‘ज’ निम्मी झाली.

व्यायाम दिसायला अगदी साधा. जमिनीवर पाठ टेकून झोपायचं, पोटऱ्या खुर्चीवर. श्वास घेताना तो पोटात, मग आणखी खाली, लघवीच्या जागेपर्यंत उतरू द्यायचा, आणि तो भाग फुलासारखा उघडू द्यायचा. आवळायचं अजिबात नाही. मैत्रिणीनं सांगितलेले आवळण्याचे व्यायाम मी आधी महिनाभर केले होते आणि त्यानं ठणका वाढला होता. आधीच मुठीसारख्या झालेल्या स्नायूला आणखी आवळायला सांगत होते मी. सैल सोडणं मला तीन आठवडे जमलं नाही. एका रविवारी दुपारी, आई बाजूला भाजी निवडत होती, खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता, आणि एका श्वासाला आत काहीतरी सुटलं. कमरेचं करकचून बांधलेलं नाडं कोणी सोडावं तसं. मी तशीच पडून राहिले, हलले तर पुन्हा आवळेल म्हणून. आईनं विचारलं, ‘झोपलीस का गं?’

यंदाच्या कालनिर्णयावर ठ महिन्यातून तीन-चारदा असतो. खुर्चीवर मध्ये भोक असलेली उशी नेते. रजेच्या अर्जात ‘ओटीपोटाचं दुखणं’ असं लिहिते. साहेबांनी पहिल्यांदा वाचून वर पाहिलं आणि सही केली.

आता आत्या. ती कराडजवळ गावी असते, अडुसष्ट वर्षांची. पिशवी काढून छत्तीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात लग्नाला आली होती, रात्री माझ्याजवळ झोपली. मी व्यायाम करताना बघत होती. म्हणाली, ‘कशासाठी गं हे?’ सांगितलं. बराच वेळ ती पंख्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘पिशवी काढली तरी माझं गेलं नाही. डाक्टर म्हनला आता दुखायला उरलंय काय तुझ्याकडं. मग मी सांगायचं सोडलं.’

आजार गर्भाशयाच्या स्नायूतच असेल, ज्याला ॲडिनोमायोसिस म्हणतात, तर पिशवी काढल्यावर तो जातो. पण बाहेर पसरलेला असेल तर तो जिथे आहे तिथेच राहतो. आत्याचं काय होतं ते आता कोण सांगणार? तिच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत एक पिवळं पडलेलं डिस्चार्ज कार्ड आहे. त्यावर दोन ओळी आणि एक सही. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का, याचा उल्लेख नाही. या वयात, इतक्या वर्षांनी, ते स्नायूंचं असेल, चिकटलेल्या आतड्याचं असेल, आणखी कशाचंही असेल. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मंगळवारी ओपीडीत घेऊन या, या वयातलं पोटाचं दुखणं तपासल्याशिवाय सोडायचं नाही.

काल रात्री आत्या भांडुपला आली. मी तिला विचारलं, ‘आत्या, दुखतं म्हणजे कसं? कळ येते का?’

‘नाही.’

‘ठणकतं?’

‘नाही गं.’ तिनं लुगड्यावरून ओटीपोटाच्या डाव्या बाजूला दोन बोटं ठेवली, जरा सरकवली, पुन्हा ठेवली. ‘सलतंय. काटा आत मोडावा नि वरनं कातडी धरावी, मग कसं सलतं, तसं. बसताना कमी. भाकरी थापताना जास्त.’

आईनं उठून दाराआडचं पेन आणलं. मंगळवारच्या चौकटीत दूधवाल्याचा हिशेब होता, म्हणून मी शेजारी, समासात लिहिलं. डावीकडे. सल. भाकरी थापताना जास्त.